मान धरण्याआधी

दहा दिवसांचं बाळ लाकडाच्या ओंडक्यावर पालथं पडलंय. दोन्ही कोपरं टेकलेली, तळव्यांवर हनुवटी, डोळे मिटलेले आणि चेहऱ्यावर असा भाव, की जणू राज्याचा अर्थसंकल्प उद्या यालाच मांडायचाय. डोक्यावर बेडकाच्या डोळ्यांची लोकरीची टोपी. हा फोटो हल्ली आमच्या जिल्ह्यात कुठंही भेटतो. संगमनेरच्या प्रसूतिगृहाच्या भिंतीवर, श्रीरामपूरच्या स्टुडिओच्या काचेत, आणि ज्यांच्या घरी नुकताच पाळणा हलला त्यांच्या स्टेटसला तर हटकून. फोटोवाले याला ‘फ्रॉगी पोज’ म्हणतात. बघणारे ‘किती गोड’ म्हणतात. आमच्या थोरल्या आत्याबाईंनी मात्र चष्मा वर सरकवला, मोबाइल लांब धरला आणि एवढंच विचारलं, “दहाव्या दिवशी मान धरली होय रे यानं?”

प्रश्न बिनतोड होता. मान धरायला मूल तीन महिने घेतं, काही निवांत मुलं चारही घेतात. नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या एकूण लांबीचा चौथा हिस्सा. तुमचं-आमचं सातवा-आठवा असतं. एवढा ऐवज त्या काडीसारख्या मनगटांवर पेलून धरायचा, तोही झोपेत, हे काही होणारं नाही. म्हणजे कुणीतरी ते डोकं धरलेलं असणार. आणि धरलेलं असूनही दिसत नाही, म्हणजे धरणाऱ्याला कुणीतरी पुसलेलं असणार.

पुसणारा माझा भाचाच निघाला. नगरच्या सावेडीतल्या एका दोन खोल्यांच्या जागेत तो बसतो. कॅमेरा त्याच्याकडं नाही. फोटो काढणारे वेगळे. जिल्हाभरातून त्याच्याकडं फायली येतात आणि तो त्यांना ‘बघण्यासारखं’ करून परत पाठवतो. लग्नसराईत नवरदेवाची ढेरी आत घ्यायची, एरवी बाळं. “मामा, बसा. तुम्हाला जादू दाखवतो,” असं म्हणून त्यानं माझ्यासाठी स्टूल ओढलं.

जादू अशी, की तो फोटो एक नसतोच, दोन असतात. पहिल्यात मदतनीस मुलगी वरून बाळाचं डोकं अलगद धरून ठेवते, बाळाचे हात गालांशी असतात. दुसऱ्यात ती खालून दोन्ही मनगटं धरते. एक हात सुटायच्या आत दुसरा लागलेला असतो. बाळाला क्षणभरही वाऱ्यावर सोडत नाहीत. म्हणजे एका फोटोत खालची बाजू बिनहाताची, दुसऱ्यात वरची. संगणकावर हे दोन थर एकावर एक ठेवायचे, मध्ये मास्क लावायचा, आणि नको तिथला हात ब्रशनं फिरवून घालवायचा. उरतं ते विचारवंत बाळ. (हे वाचून कुणी घरी मोबाइल घेऊन प्रयोग करू नये. मान पुढं झुकली तर त्या वयात श्वास अडायला वेळ लागत नाही. या धंद्यातली शहाणी माणसं म्हणूनच बाळाला तसं बसवत नाहीत, फोटोला बसवतात.)

भाच्यानं चित्र चारशे टक्क्यांवर मोठं केलं. पडद्यावर नुसता गाल आणि गालाच्या कडेला मदतनिसाचं बोट. नखाला जांभळं नेलपॉलिश, एका कोपऱ्यात उडालेलं. ते बोट तो कडेकडेनं खात गेला. आधी नख गेलं, मग पेर, मग बोटच. मी म्हटलं, “झालं की.” तो म्हणाला, “आता खरं काम.” बोट गेलं होतं, पण त्याची सावली ओंडक्यावर तशीच पडून होती. ती घालवली तर गालावर खळी राहिली. बोटाच्या दाबानं मऊ गाल किंचित आत गेलेला, आणि तो दाबणारं कुणीच नाही! त्यात दोन फोटोंच्या मधल्या क्षणात बाळानं ओठ हलवलेला; वरच्या थरात तोंड मिटलेलं, खालच्या थरात जांभई. एका बाळाच्या गालाला दुसऱ्या क्षणाच्या त्याच बाळाचा हात शिवायचा, आणि शिवण दिसता कामा नये. अर्ध्या तासानं मी उठलो तेव्हा तो अजून त्या खळीवरच होता.

मागं एकदा घाईत ही खळी राहून गेली होती म्हणे. राहुरीकडच्या घरचा फोटो. बाळाच्या आजीचा फोन आला, “फोटू झ्याक आलाय, पण लेकराच्या गालावर बोट कुणाचं उमटलंय?” भाचा सांगत होता, की संगणकावरचा कुठलाही तपासणारा प्रोग्रॅम आजीपुढं फिका. ज्या गालावरून दिवसातून वीस वेळा हात फिरतो, त्याचा नकाशा तिला पाठ असतो.

असल्या फोटोंची खरी अडचण संगणकाच्या अलीकडंच सुरू होते. फोटोवाले म्हणतात, पहिल्या चौदा दिवसांत या. तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं मुटकुळं करून राहतं. पुढं ते हातपाय ताणायला लागतं, मग कसली पोज. आणि घरातली वडीलधारी म्हणतात, सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर जायची नाही. आधी सोयर, मग पाचवी, मग बारसं, मग हवा लागेल, मग अमावस्या. या दोन पंचांगांची सांगड काही बसेना. शेवटी स्टुडिओच घरी यायला लागला. ओम्नी गाडीतून बीनबॅग उतरते, टोपल्या उतरतात, लोकरीची दुपटी, खोटा चंद्र, लाकडी पलंगडी, आणि एक हीटर. बाळ उघडं ठेवायचं तर खोली चांगली उबदार लागते. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्यात जन्म गेलेल्या आजीला फोटोवाल्याचं हे एकच म्हणणं पटतं. एप्रिलमध्ये नगरला हीटरचं ओझं वाचतं. मग शांत झोपेसाठी पोटातल्या आवाजासारखा सूंऽऽऽ आवाज करणारं एक यंत्र लावतात. ते चालू असताना आतून कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, चुलत्याच्या फोनवर ‘तुझी चिमणी’ वाजते, दारात भंगारवाला ओरडतो, आणि बाळ ढिम्म हलत नाही. हलतं ते फक्त क्लिकच्या वेळी.

हात पुसून झाले, की रंगाचं काम. बहुतेक बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी असतात, हातापायाचे तळवे लालभडक, अंगाची साल निघत असते, नाकावर पांढरे बारीक ठिपके. पाठीवर, कंबरेखाली निळसर डाग. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो आणि काही वर्षांत आपोआप जातो. भाच्याच्या ब्रशला तो तेवढाही वेळ द्यायचा नसतो. पिवळा ओढून घे, लाल कमी कर, साल गुळगुळीत कर. येताना प्रत्येक बाळ आपापला रंग घेऊन येतं; जाताना सगळी एकाच फिकट गुलाबी रंगात बुडवून काढलेली. वर आत्या-काकूंचा निरोप असतोच, “जरा उजळ करा बरं का.” या सगळ्या खटाटोपात मला मनापासून न आवडलेली गोष्ट ही एकच. सावळ्या विठोबासाठी पंढरीला पायी जाणारी माणसं आपण, आणि आठ दिवसांच्या पोराच्या कातडीवर घासाघीस! भाचा यावर काही बोलत नाही. निरोप आला की ‘हो’ म्हणतो आणि काहीच करत नाही. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

त्याच्या हातातलं हे हत्यार तसं फार जुनं नाही. थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन भावांनी लिहिलेलं फोटोशॉप बाजारात आलं 1990 च्या फेब्रुवारीत. आतला ‘हीलिंग ब्रश’ म्हणजे डाग बरा करणारा कुंचला 2002 सालचा. डागावर टेकवला, की शेजारची कातडी उचलून तिथं अशी बसवतो की सांधा सापडत नाही. तो कुंचला बाळाच्या कपाळावरून फिरताना पाहून मला भलतीच काळजी वाटली. पाचवीच्या रात्री आपण पाटा मांडतो, दिवा तेवत ठेवतो, कोरा कागद आणि पेन ठेवतो. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. ब्रह्मदेवालाही ते पुसता येत नाही असं ऐकत आलो. इथं सातव्या दिवशी सावेडीतला एक तरुण चहा पीत पीत कपाळ साफ करून मोकळा. बरं, सटवाईनं नेमकं त्या बारीक पुळीतच सगळं लिहून ठेवलेलं असलं तर?

आणि तीट. हे प्रकरण गाजलं. जामखेडकडच्या एका बाळाच्या फोटोत गालावर काजळाचा ठसठशीत ठिपका होता. भाच्यानं तो डाग समजून साफ केला. म्हणजे धंद्याच्या नियमानं बरोबरच केलं. फोटो गेला आणि तासाभरात फोन, “तीट कुठंय? एवढा लोकांत फोटो जाणार, शंभर जणांची नजर लागणार, आन् तुम्ही तीटच काढली?” आजींचं म्हणणं होतं, तीट परत लावा. भाच्यानं सांगितलं, नवीन लावून देतो. आजी म्हणाल्या, “डाव्या बाजूला लावा. आन् जरा मोठी लावा, फोटू छोटा हाय.” मग एक गोल ब्रश घेतला, रंग काळा, कडा किंचित मऊ, आणि तीट लागली. आता हे त्याच्याकडचं नेहमीचं काम झालंय. तीट वेगळ्या थरावर ठेवतो. आईला बिनतिटीचा फोटो पाहिजे असतो, आजीला तिटीचा. थर बंद-चालू केला की दोघी खूश. दृष्ट संगणकातून लागते का, आणि लागत असेल तर संगणकातली तीट ती अडवते का, या शंका मी त्याच्यापुढं मांडल्या. तो म्हणाला, “मामा, जिथून लागायची तिथंच तीट पाहिजे ना?” या युक्तिवादापुढं मी गप्प बसलो.

तसं पाहिलं तर बाळ आहे तसं आपल्याला कधी चाललंय? भाचा फोटोवर करतो ते आपल्या घरातल्या बायका थेट बाळावर करत आल्या. न्हाऊ घालणारी बाई पाय लांब करून बसते, बाळ पायांवर पालथं घेते, आणि तेलाच्या हातानं तिचं रीटचिंग सुरू होतं. नाकाचं बोंड चिमटीत धरून वर ओढायचं, म्हणजे नाक चाफेकळी होतं. डोकं तळव्यांनी चोहीकडून दाबायचं आणि राईच्या उशीवर टेकवायचं, म्हणजे गोल येतं. कान मागं चेपायचे. कपाळावर आणि पाठीवर पिठाचा गोळा फिरवून लव काढायची. दोन्ही हात छातीशी घडी करायचे आणि उघडायचे, पाय डोक्याला लावायचे. पोझेस म्हणाल तर फोटोवाल्यांपेक्षा दोन जास्तच. डॉक्टर सांगून थकले, की नाक ओढून लांब होत नाही, नाकाकानात तेल घालू नका, आणि जन्मताना लांबट झालेलं डोकं आपलं आपण गोल होतं. पण ते आपलं आपण गोल झालं, की श्रेय न्हाऊ घालणारीलाच जातं. फरक एवढाच, की तिचं काम उघड्यावर चालतं. तिचा हात कुणी लपवत नाही. उलट पुढं वीस वर्षांनी नाक सरळ असलेल्या मुलीला ऐकवलं जातं, “हे नाक माझ्या हातचं आहे.”

हात लपवायची हौस फोटोवाल्यांचीच, आणि ती संगणकाच्या फार आधीपासूनची. व्हिक्टोरिया राणीच्या काळी कॅमेऱ्याला एका फोटोसाठी काही सेकंद लागत. तेवढा वेळ बाळ हललं तर चेहऱ्याचं धुकं व्हायचं. मग आईनं त्याला मांडीवर घट्ट धरून बसायचं. आणि फोटो बाळाचा असल्यामुळं आईवर डोक्यापासून पायापर्यंत चादर टाकायची. ती आराम खुर्ची किंवा पडदा असल्याचा आव आणायची. लिंडा फ्रेन्यी नागलेर या कलावतीनं असे 997 फोटो जमवले आणि 2013 च्या व्हेनिसच्या बिएनालेत मांडले. टोपडं घातलेलं देखणं बाळ आणि त्याच्यामागं एक फुलाफुलांचं भूत. बाळाची मूठ बऱ्याचदा त्या भुताचं बोट धरून असते. काही ठिकाणी तर एवढं करूनही आईचा हात दिसलाच, तेव्हा तो खरवडून काढलेला.

या फोटोंना हसायचं तर आधी आपल्या तालुक्याच्या आधार केंद्रात डोकावून यावं. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं आधार निघतं. बोटांचे ठसे नाहीत, बुबुळं नाहीत, नुसता फोटो. त्या फोटोत बाळ सरळ पाहिजे आणि मागं पांढरं पाहिजे. बाळाचा बाप अंगावर पांढरी चादर घेऊन खुर्चीत बसतो, चादरीआडून दोन्ही काखांत धरून बाळ वर करतो, आई कॅमेऱ्यामागून खुळखुळा हलवते, मावशी टाळ्या वाजवते, ऑपरेटर ‘बोट काढा, बोट दिसतंय’ म्हणून खेकसतो, आणि रांगेतली माणसं ‘ए चिऊ, इकडं बघ’ करतात. सरकारदरबारी त्या बाळाची पहिली ओळख म्हणून जी प्रतिमा जाते, ती उभी करायला निम्मं गाव राबलेलं असतं. आमच्या जिल्ह्याचं स्वतःचंच 2024 साली नव्यानं बारसं झालं, तेव्हा आधारवरचा पत्ता बदलायला आलेली मंडळीही त्याच रांगेत होती. कागदावर आता अहिल्यानगर आलं; स्टँडवर कंडक्टर अजून ‘नगर, नगर’च ओरडतो.

जुन्या स्टुडिओत हे सगळं जरा निवांत चालायचं. तिथं बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर यायचं, म्हणजे मान, पालथं पडणं वगैरे त्याचं त्यानं उरकलेलं असायचं. मखमलीच्या कापडावर उघडं, पालथं. मनगटात बिंदल्या, पायांत वाळे, कपाळाला तीट आणि नजर कॅमेऱ्याच्या वर उडणाऱ्या न दिसणाऱ्या चिमणीकडं. आमच्या पिढीतल्या निम्म्या अधिकाऱ्यांचा असा एक फोटो घरात कुठंतरी असतो आणि पाहुणे आले की त्यांची आई तो नेमका बाहेर काढते. रीटचिंग तेव्हाही होतं. निगेटिव्ह मागून उजेड सोडलेल्या उतरत्या काचेवर ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या शिसपेन्सिलीनं चेहऱ्यावरच्या फिक्या जागा बारीक टिंबांनी भरायच्या. निगेटिव्हमध्ये जे भरलं, ते फोटोत उजळून येतं. चुकलं तर ‘अन्डू’ नाही. तो माणूस दिवसाकाठी चार-पाच चेहरे करायचा आणि त्याचे डोळे चाळिशीतच जायचे.

फोटोवरून माणूस उभा करायची किमया तर आमच्या जिल्ह्यानं फार मोठी पाहिलीय. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली ती एका कृष्णधवल फोटोच्या आधारानं, आणि 1954 साली ती बसली. फोटोला मागची बाजू नसते, बाजूचा गाल नसतो. ते सगळं शिल्पकारानं दगडात शोधलं. हे आठवलं की भाच्याच्या खळीवरच्या अर्ध्या तासाबद्दल मी काही बोलत नाही.

अलीकडं त्याचा धंदा मात्र डुगडुगू लागलाय. 2023 पासून फोटोशॉपातच अशी सोय आली, की जागा दाखवायची आणि काय पाहिजे ते लिहायचं. चित्र आपोआप भरलं जातं. आता बाळाला ओंडक्यावर ठेवायलाच नको. दवाखान्यात मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला, की बाळ चंद्रावर झोपतं, मोरपिसात झोपतं, मावळ्याच्या वेशात ढालीवर झोपतं. ॲन गेडीस बाईंनी 1996 साली ‘डाऊन इन द गार्डन’ पुस्तकात बाळं फुलांत बसवली तेव्हा खरी बाळं आणि खरे पोशाख लागले होते. आता बाळ रांजणात बसलेलं दिसतं तेव्हा ते खरं तर काकूच्या मांडीवर दूध पीत असतं. एका अर्थी बरंच आहे. बाळाला कुणी हात लावत नाही, थंडी वाजत नाही, मान लटकत नाही.

पण कधी कधी यंत्राला न सुचणारं गिऱ्हाईक येतं. दिवाळीनंतर पाथर्डीकडची एक ऊसतोड टोळी कारखान्यावर गेली. तिथून एका बापानं फोटो धाडला. टायरगाडीच्या जुवाला लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत महिन्याचं पोर, मागं पाचट, चिखल, भांडी आणि एक बैल. निरोप होता, मागचं बदला, चांगलं हिरवं काहीतरी करा. भाच्यानं काश्मीरची दरी टाकली. झोळीला धरलेला आईचा बांगड्या भरलेला हात सवयीनं काढून टाकला. फोटो पाठवला. उत्तर आलं, “झ्याक. पण बैल ऱ्हाऊ द्या. आन् हात बी ऱ्हाऊ द्या, न्हाईतर झोळी पडंल.” तेव्हा काश्मीरच्या दरीत आता एक खिलार बैल उभा आहे. पैसे घेतले नाहीत त्यानं त्या फोटोचे. विचारलं तर म्हणाला, बैल कापायला सोपा होता.

सध्या तो बारशाच्या फ्लेक्सवर आहे. या कामाला त्याच्या मते कुठलंही यंत्र पुरं पडणार नाही. चौकात लावायचा दहा बाय आठचा फलक. मध्ये बाराव्या दिवसाचं बाळ. कपाळावर चंद्रकोर, डोळ्यांवर काळा गॉगल, हाताची घडी. (हाताची घडी दुसऱ्या बाळाची, याच्या मुठी काही उघडेनात.) वर ‘वाघाचं आगमन’, त्याच्या वर नेत्यांच्या गोल चेहऱ्यांची रांग, खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. गॉगलात फोटोवाल्याचं प्रतिबिंब पडत नाही ना, चंद्रकोर कपाळाच्या मधोमध आली ना, घडी घातलेले हात मूळ बाळाच्या रंगाचे झाले ना, हे सगळं त्यानं रात्री जागून तपासलं आणि सकाळी नमुना पाठवला. दहा वाजता बापाचा फोन. मी शेजारीच होतो. स्पीकर चालू होता.

“बाळ एक नंबर आलंय. त्यात काय बदल नाही. फक्त ते दुसऱ्या रांगेत आमचे मेहुणे आहेत ना, निळ्या शर्टातले, त्यांचा फोटो जरा मोठा करा. आणि मान थोडी सरळ करता येईल का बघा.”